ताशी छत्तीस

आमच्या दारव्ह्याकडे शर्यत म्हटली की आधी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवतो. गाड्यांची शर्यत टीव्हीवर बघायची. त्यामुळे मी आणि माझा मामेभाऊ यवतमाळच्या कार रॅलीत उतरणार ही बातमी पसरली तेव्हा पानठेल्यावर पहिला प्रश्न वेगाचाच आला. बोलेरो कितीवर पळवणार? मामेभावाने प्रामाणिकपणे सांगितलं, "छत्तीसवर." मंडळी हसली. एकशे छत्तीस म्हणायचं असेल, असं समजून त्यांनी विषय कापसाच्या भावाकडे वळवला.

पण ते खरोखर छत्तीसच होतं. आम्ही उतरलो ती टीएसडी रॅली, म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. आयोजक वाट ठरवतात आणि वाटेच्या प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात. इथून तिथपर्यंत ताशी ३६, पुढे ३०, मग ४२. रस्ता सार्वजनिक, रहदारी चालू, वाहतुकीचे नियम सगळे लागू. वाटेत कुठेतरी मार्शल घड्याळ घेऊन बसलेले असतात. कुठे ते कोणालाच सांगत नाहीत. त्या जागी तुम्ही ज्या सेकंदाला पोचायला हवं त्याच सेकंदाला पोचायचं. आमच्या नियमपत्रकात उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक दंडगुण होता आणि लवकर पोचलात तर प्रत्येक सेकंदाला दोन. ज्याचे दंडगुण कमी, तो पहिला.

हे मामाला समजावताना माझा घाम निघाला. मामा पटाचा जुना शौकीन. तळेगाव दशासरचा पट त्याने तरुणपणापासून पाहिलेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखा तो बसून होता. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, तेव्हा त्याने पेढे वाटले. त्याचा हिशेब सरळ आहे. "जोडी सुटली का घड्याळ चालू, पोचली का बंद. जो लवकर पोचला तो पहिला. अन् तुमच्यात लवकर गेलं त दंड? उशिराच्या दुप्पट? हे कायची शर्यत बाप्पा, हे त हापिस झालं." त्याचं म्हणणं पुरतं चूक आहे असं मला अजून वाटत नाही.

माझं कृषी केंद्र आहे. यवतमाळच्या क्लबातले एक डॉक्टर शेतीसाठी ठिबकचं सामान न्यायला यायचे, त्यांच्याकडून हे कळलं. क्लब म्हणजे काही थाटाची संस्था नाही. दोन-तीन डॉक्टर, एक कंत्राटदार, एक पेट्रोल पंपवाला, कॉलेजची चार पोरं. वर्षातून एखादी टीएसडी आणि जमलं तर मैदानावर एक ऑटोक्रॉस. ऑटोक्रॉस मी फक्त पाहिली आहे. मुरमाच्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाची वाट करतात, एकेक गाडी सुटते, शंकू पडला की वेळेत सेकंद वाढतात. तिथे हेल्मेट लागतं, धूळ उडते, लोक शिट्ट्या मारतात. गावाला दाखवायची तर ती. पण टायर आणि क्लच दोन्ही झिजतात, आणि आमच्या बोलेरोला सोमवारी भाजीबाजारात जायचं असतं.

अर्ज व्हॉट्सॲपवर आला. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे रक्तगट, घरच्यांचा फोन नंबर आणि 'जे होईल ते आमच्या जबाबदारीवर' अशा मजकुराखाली सह्या. विम्यापाशी आम्ही अडलो. गाडीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा बारीक अक्षरात छापलेल्या असतात. शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही, असं तिथे असतं. टीएसडी ही शर्यत नव्हे हे क्लब सांगतो, आम्हीही सांगतो. पण अपघात झाला तर विमावाला काय सांगेल? डॉक्टरांनी गोलमाल उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "तुमची पॉलिसी वाचा, कंपनीला लेखी विचारा, मग या." आम्ही विचारलं, उत्तर आलं, मग गेलो. कोणी उतरणार असेल तर त्यानेही असंच करावं. दुसरी गोष्ट परवानगीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे विनापरवानगी रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्यामुळे क्लबाची अर्धी शक्ती गाड्यांवर खर्चच होत नाही. पोलीस, महसूल, बांधकाम खातं असे कागद घेऊन फिरण्यात ती संपते. रॅलीच्या दिवशी निळ्या फाइलीत सगळ्या परवानग्या घेऊन एक माणूस आयोजकांच्या गाडीत बसूनच असतो. त्याला दुसरं काम नसतं.

आमचा वर्ग हौशी. यात गाडीतला स्वतःचा मीटर, मोबाइलमधलं घड्याळ आणि कागद-पेन एवढंच वापरायचं. तज्ज्ञांच्या वर्गात चाकाला सेन्सर लावलेले ट्रिपमीटर असतात, मीटर-मीटरचं अंतर दाखवणारे. त्यातले काही जण राष्ट्रीय टीएसडी स्पर्धेत खेळून आलेले. त्यांच्या गाडीत डोकावून पाहिलं तर पुढची सीट म्हणजे बँकेचं काउंटर वाटावी.

तयारीचा भाग मला सगळ्यात आवडला, आणि तो गाडी चालवण्याचा नव्हताच. गाडीचा मीटर आणि आयोजकांचा मीटर कधीच सारखे नसतात. टायर झिजले, हवा कमी-जास्त झाली, की फरक पडतो. म्हणून क्लब आधी एक मोजलेला पट्टा देतो. मैदानाच्या फाटकापासून अमुक किलोमीटरच्या दगडापर्यंत बरोबर १० किलोमीटर, असं. आमच्या बोलेरोने तिथे १०.२ दाखवले. म्हणजे आमचा मीटर शंभराला दोनने पुढे. ऐकायला किरकोळ आहे. पण ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, किलोमीटरला १०० सेकंद. आपल्याच मीटरवर विसंबून पाच किलोमीटर चाललो, तर खरं अंतर ४.९ च्या आसपास होतं, आणि आपण सुमारे १० सेकंद मागे पडलेलो असतो. पाच किलोमीटरमध्ये दहा दंडगुण, आणि चालकाने काहीही वावगं केलेलं नाही.

हा हिशेब दर वेळी डोक्यात करणं माझ्याने होईना. मामेभावाची बायको गावच्या बचत गटाचं खातं बघते. तिने एका संध्याकाळी लांब वहीत तक्ता आखला. डावीकडे आमच्या मीटरवरचं अंतर, वर वेग, आणि खान्यांत वेळ, फरक आधीच वजा करून. ३६ च्या रकान्यात १ किलोमीटरला १ मिनिट ३८ सेकंद, २ ला ३ मिनिटं १६, ५ ला ८ मिनिटं १०. मग ३० चा रकाना, ४० चा, ४२ चा, ४५ चा. आम्ही दोघं शेजारी बसून कौतुक करत होतो. ती म्हणाली, "दादा, तुमचे दशांश चुकते हाय, म्हनून मी खोडरबर घेऊन बसली." वही तिने सायंकाळचं जेवण होण्याआधी पुरी केली.

सराव आम्ही दारव्हा ते नेर रस्त्यावर केला. ३६ ने गाडी चालवणं हे ऐंशीने चालवण्यापेक्षा अवघड आहे. पाय आपोआप दाबला जातो. मागून दुचाकीवाला हॉर्न देतो, पुढे रस्ता मोकळा, आणि मामेभाऊ दात खाऊन ३६ धरून बसलेला. एका वस्तीजवळ एक आजोबा हात करून गाडी थांबवायला निघाले. त्यांना वाटलं, इतक्या हळू येते तर काळीपिवळीच असेल.

रॅली डिसेंबरात होती. सकाळी मैदानात थंडी, रांगेत पस्तीसेक गाड्या. तपासणी आधी. दिवे, ब्रेक, वायपर, सीटबेल्ट, स्टेपनी, विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी. मागच्या हौद्यातली दोन रिकामी कॅरेट काढायला लावली, कारण गाडीत सुटं काही चालत नाही. मग दारांवर आकड्यांचे स्टिकर. आमचा आकडा १४. शून्याची वेळ सकाळी ८, एका मिनिटाला एक गाडी, म्हणजे आम्ही ८ वाजून १४ मिनिटांनी सुटणार. घड्याळ आयोजकांच्या घड्याळाशी जुळवायचं, मोबाइल दाखवतो त्या वेळेवर तसाच विश्वास ठेवायचा नाही. ब्रीफिंगमध्ये तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. गावठाणात टीसी, म्हणजे टाइम कंट्रोल, ठेवलेला नाही, तेव्हा तिथे मुकाट हळू जा. मार्शल दिसल्यावर थांबायचं नाही, रेंगाळायचंही नाही, तसं केलं तर वेगळा दंड. आणि गाडीखाली कोंबडी जरी आली तरी थांबा, मालकाशी बोला, सेकंद गेले खड्ड्यात.

रोडबुक सुटण्याच्या थोडं आधी हातात देतात. ते उघडलं तेव्हा पोटात गोळा आला. नकाशा नसतोच. तक्ता असतो. प्रत्येक ओळीत सुरुवातीपासूनचं अंतर, मागच्या ओळीपासूनचं अंतर, आणि मधल्या चौकटीत छोटं चित्र. ठिपका म्हणजे तुम्ही जिथून आलात ते, बाण म्हणजे जिकडे जायचं ते. शेजारी एखादी खूण. हापशी डावीकडे. पिंपळाचा पार. बंद जिनिंग. एका ओळीत आगगाडीचे रूळ काढलेले. ती आमची शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूरची नॅरोगेज, जिच्यातून आमच्या आज्याने कापूस पाठवला आणि आम्ही फुकट प्रवास केला. गाडी बंद, पण रोडबुकात खूण म्हणून कामाला आली. रूळ ओलांडताना मामेभाऊ म्हणाला, "हॉर्न देऊ काय?"

सुरुवातीचा टप्पा ३६ चा. एक लय लागते ती तिथेच. मीटरवर दशांशाचा आकडा बदलला की मी घड्याळ बघायचो. आमच्या फरकासकट तो दहा सेकंदांहून किंचित आधी, ९.८ ला पलटायला हवा. पलटला, मी म्हणायचो "बरोबर", "एक मागे", "दोन पुढे". गाडीत दुसरा शब्द नाही. मामेभाऊ एरवी अखंड बोलणारा माणूस, दर फाट्यावर कोणाची तरी गोष्ट सांगणारा. तो तासभर गप्प होता. मला वाटतं मामीला ही रॅली आवडली असती ती एवढ्याचसाठी.

अडाण नदीच्या पुलाच्या पुढे रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना तूर उंच वाढलेली, मागे पऱ्हाटी पांढरी. आणि समोर काठेवाड्यांचा कळप. मेंढ्यांनी रस्ता पूर्ण भरलेला, पुढे दोन उंटांवर बाजा, भांडी आणि एक लेकरू. हॉर्न देऊन उपयोग नव्हता, बुजल्या तर तुरीत शिरतील आणि शेतवाला आमच्यावर चढेल. मेंढपाळाने काठी आडवी धरून कळप एका कडेला घेतला, पण शिस्तीत, त्याच्या वेळेने. तुरीच्या धुऱ्यावर बसलेला एक जण आमच्या दारावरचा आकडा बघून ओरडला, "रेस हाय म्हनते ना भाऊ? मंग मेंढरायच्या मांगं काहून चालून रायले?" मामेभावाने काच खाली करून त्याला उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पन्नास सेकंद गेले. आता हिशेब असा. ३६ ला किलोमीटर १०० सेकंदांत होतो, ४५ ला ८० सेकंदांत. म्हणजे ४५ ने चाललो तर किलोमीटरमागे २० सेकंद भरून येतात, पन्नास भरायला अडीच किलोमीटर लागतील. त्याहून जोरात जाऊन लवकर भरता येतं, पण रस्ता तसा नव्हता आणि समोरून कापसाचे ट्रॅक्टर येत होते, कापूस दोन्हीकडून बाहेर आलेला. आम्ही ४५ धरला. अडीच किलोमीटरच्या आत टीसी नसावा एवढीच इच्छा. एक किलोमीटर झाला आणि बाभळीमागे निळी टोपी दिसली. गणित तिथेच संपलं. किलोमीटरला वीस भरले, तीस राहिले. मार्शल पोरगी कार्डावर वेळ लिहून देताना म्हणाली, "काका, मेंढ्या का?" तिच्या कार्डांवर त्या सकाळी बऱ्याच मेंढ्या उतरल्या होत्या. पुढे-मागे सुटलेल्या काही गाड्या मात्र कोऱ्या सुटल्या. गुराढोरांचा उशीर नियमात माफ नाही. ज्याचं त्याचं नशीब, आणि मला हे मान्य आहे. रस्ता लोकांचा आहे, आम्ही पाहुणे.

दारव्ह्यात चहा-पोह्यांची सुटी. गावचे लोक आलेच. मामा पटाच्या दोस्तांना घेऊन आला होता. "कितवे?" म्हणे. अजून कळत नाही म्हटल्यावर तो दोस्तांकडे वळून, "पाहा, म्या काय सांगतलं होतं."

दुसऱ्या भागात घोळ झाला, आणि तो आयोजकांकडून. रोडबुकात लिहिलं होतं, एसटीचा निवारा, तिथून डावीकडे. निवारा कुठे दिसेना. रुंदीकरणात तो पाडला होता, वाट आखून झाल्यानंतर. आमच्यापुढच्या दोन गाड्या सरळ निघून गेल्या. आम्ही वळलो ते केवळ अंतरावर. वहीतला फरक लावून जिथे वळण यायला हवं तिथे डावीकडे एक डांबरी फाटा होता, आणि गिट्टीचा ढीग, त्यात निवाऱ्याच्या पत्र्याचा तुकडा. मामेभाऊ म्हणाला, "चित्र सोड, वही काय म्हनते?" वही बरोबर होती. पुढच्या टीसीवर आम्ही अवघे तीन सेकंद उशिरा. दिवसातला आमचा सगळ्यात चांगला आकडा.

संध्याकाळी यवतमाळला निकालाआधी तक्रारींसाठी अर्धा तास देतात. सरळ गेलेल्या गाड्यांनी लेखी तक्रार दिली. आयोजकांनी फोटो बघितले, आपसात बोलले आणि तो टीसी सगळ्यांसाठीच रद्द केला. नियमाने योग्य. खूण नसेल तर चुकणाऱ्याला दंड कसा लावणार? पण आमचे ते तीनही गेले आणि मेंढ्यांचे तीस तसेच राहिले. मामेभाऊ क्लबवाल्यांशी भांडायला निघाला, मी त्याला जिलबी घ्यायला पाठवलं. निकालाचा कागद भिंतीवर लागला. हौशी वर्गात आम्ही मधोमध. पहिल्या आलेल्या जोडीत एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची मुलगी, सबंध दिवसात त्यांचे दंडगुण आमच्या एका टीसीपेक्षा कमी. मी कागदावर बोट ठेवून त्यांची ओळ वाचत गेलो. शून्य, दोन, एक, शून्य, चार. दोन नंबरला आलेला तरुण सगळ्यांना सांगत होता की त्याची गाडी दोनशेवर जाते.

घरी आल्यावर वहीची तपासणी झाली. वहीच्या मालकिणीने मी गाडीत पेनने केलेल्या बेरजा तपासल्या. एका जागी मी ४० च्या रकान्याऐवजी ४२ चा बघितला असता तर बरं झालं असतं, असं तिने तपशिलात दाखवलं. मग म्हणाली, वेग बदलतो तिथे दर वेळी शून्यापासून मोजू नका, आधीचा वेळ पुढे ओढा, गटाच्या खात्यात शिल्लक पुढे ओढतो तशी. मी आणि मामेभावाने एकमेकांकडे बघितलं.

पुढच्या रॅलीचा अर्ज आला आहे. त्यात नवरा-बायकोसाठी वेगळं बक्षीस असतं. नेव्हिगेटरच्या, म्हणजे शेजारी बसून वाट आणि हिशेब सांगणाऱ्याच्या, रकान्यात आता तिचं नाव. मामाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग विचारलं, "सून हिशेबाले बसनार असन त पोरगा जिंकन काय?" जिंकला तर पटाच्या वेळी जोडीला घालतात तसा हार बोलेरोला घालायचं त्याने कबूल केलं आहे. मी क्लबाला मार्शल म्हणून नाव दिलं. मार्शल नेहमी कमी पडतात, उन्हात झुडपामागे चार तास बसायला कोणी तयार नसतं. टोपी, पाण्याची बाटली आणि डबा आपला, घड्याळ आणि कार्डं क्लबाची. कोणता टीसी मिळणार ते आदल्या रात्री कळतं, आणि स्पर्धकांना सांगायचं नसतं. मामेभाऊ आठवडाभर रोज दुकानात येऊन बसतो आहे, चहा पाजतो आहे.